तळ्याचा हजेरीपट

पक्षी पाहायचे असतील तर पहाटे निघा, हा सल्ला नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळतो. का निघायचं हे मात्र सहसा कुणी नीट सांगत नाही. उजेड चांगला असतो, गर्दी नसते, पक्षी बोलत असतात, अशी उत्तरं मिळतात. ती खोटी नाहीत, पण सगळी पाहणाऱ्याच्या सोयीची आहेत. तळ्याच्या बाजूनं विचार केला तर खरं कारण वेगळंच निघतं. सूर्योदयाआधीचा अर्धा तास आणि नंतरचे दीड-दोन तास, एवढ्या वेळात तळं स्वतःबद्दल जेवढं उघड करतं तेवढं उरलेल्या दिवसभरात करत नाही. रात्री मुक्कामाला कोण होतं, बाहेर चरून कोण परत आलं, पाण्यात प्राणवायू किती शिल्लक आहे, कुठला काठ पक्ष्यांना सुरक्षित वाटतो, हे सगळं तेव्हा दिसतं. शाळेत पहिल्या तासाला हजेरी होते, तशी तळ्याची हजेरी या वेळी होते. म्हणून या वेळी काढलेल्या छायाचित्राकडे आधी नोंद म्हणून पाहावं आणि देखणं चित्र म्हणून नंतर, असं माझं म्हणणं आहे. त्याच्याच पुढचं म्हणणं असं, की वर्षातून एकदा दूरच्या अभयारण्यात जाऊन आणलेल्या सुंदर छायाचित्रापेक्षा घराजवळच्या तळ्यावर वर्षभर, त्याच वेळी, त्याच काठावरून काढलेली साधी छायाचित्रं जास्त मोलाची असतात.

रात्री तळं रिकामं नसतं आणि झोपलेलंही नसतं. हिवाळ्यात मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून येणारे पट्टकदंब हंस दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावतात आणि अंधार पडला की शेतांत चरायला जातात. हरभरा-गव्हाच्या शेतकऱ्याला ते चांगलेच माहीत असतात. अडई बदकांचंही मुख्य चरणं रात्रीचं. रातबगळे रात्रभर मासे-बेडूक टिपतात आणि उजाडताना झाडावर परततात. याच वेळी काठावरच्या बाभळींवर रात्र काढलेले पाणकावळे, गायबगळे, छोटे बगळे, कुदळे बाहेर पडत असतात. म्हणजे उजाडता उजाडता दोन वस्त्या एकमेकींना ओलांडतात, एक येते आणि एक जाते. सकाळी नऊ वाजता पोहोचणाऱ्याला यांपैकी एकच वस्ती दिसते, तीही अर्धी. गायबगळे तोवर गावाबाहेर म्हशींमागे पांगलेले असतात, रातबगळे दाट पानांत दिसेनासे झालेले असतात. तळ्यावर एकूण किती पक्षी अवलंबून आहेत, या प्रश्नाचं त्या वेळी मिळणारं उत्तर खऱ्या संख्येपेक्षा बरंच कमी निघतं. पट्टकदंबांच्या बाबतीत पहाटेचं महत्त्व आणखी लांबून येतं. उपग्रह-यंत्रं लावलेल्या हंसांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हिमालय ओलांडताना हे पक्षी दिवसा डोंगरउतारांवरून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेत नाहीत, रात्रीची आणि पहाटेची थंड, स्थिर, दाट हवा पसंत करतात, असं त्यात आढळलं. विरळ हवेत पंखांना जोर कमी मिळतो आणि थंड हवा तुलनेनं दाट असते, हे त्यामागचं साधं भौतिकशास्त्र आहे.

पण पहाटेच्या तळ्यावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना थेट दिसत नाही. ती पाण्यात विरघळलेली असते. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री हे काम थांबतं, पण त्यांचं श्वसन चालूच राहतं, माशांचंही, तळाशी कुजणाऱ्या गाळातल्या जिवाणूंचंही. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू रात्रभर घटत जातो आणि सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात खाली येतो. स्वच्छ तळ्यात हा उतार फारसा जाणवत नाही. सांडपाण्याच्या खतावर शेवाळ आणि जलपर्णी माजलेल्या तळ्यात मात्र तो इतका खोल जातो, की मासे आणि कोळंबी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. फ्रान्सच्या दक्षिणेकडे कामार्ग नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. तिथल्या छोट्या बगळ्यांच्या अभ्यासात दिसलं, की पहाटे प्राणवायू कमी झाल्यानं भक्ष्य वर आलं की बगळे थव्यानं तिथे जमतात आणि भराभर खाऊन घेतात. आपल्याकडच्या तळ्यांवर उजाडताना दिसणारी बगळ्यांची दाट रांग कधीकधी याच कारणानं लागते. कॅमेरा हातात असलेला माणूस ती रांग पाहून खूश होतो, आणि चित्र सुंदरच येतं. पण तीच रांग दर आठवड्याला, विशेषतः ढगाळ आणि निवांत हवेच्या दिवसांनंतर, एकाच कोपऱ्यात दिसू लागली आणि पाण्यावर माशांची तोंडं उघडमीट करताना दिसली, तर तो आजाराचा पुरावा आहे. मासे मरून तरंगू लागल्यावर वर्तमानपत्रात बातमी येते. बगळे त्याआधी खबर देतात.

इथे पहिला आक्षेप येतो. आमच्या तळ्यात आहे काय पाहण्यासारखं, गटाराचं पाणी आणि जलपर्णी, असं शहरातली माणसं म्हणतात. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याचं पाषाण, मुंबईचा पवई तलाव, तिन्ही ठिकाणी सांडपाणी आणि जलपर्णी यांनी लोकांना कधी ना कधी बेजार केलं आहे, तेव्हा तक्रार खोटी नाही. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. तळ्याची अवस्था बदलली की पक्षी संपत नाहीत, बदलतात, आणि कोण गेलं, कोण आलं यातून बदलाची दिशा कळते. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली मासा दिसला की सरळ सूर मारतो. त्याला पाण्यात आरपार दिसावं लागतं. पाणी गढूळ झालं किंवा जलपर्णीनं झाकलं की त्याची शिकारीची रीतच अडते. बुडी मारून खाणारी शेंडी बदकं आणि वारकरी यांना मोकळं पाणी लागतं. जलपर्णीचा गालिचा पसरला की ते कमी होतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, वंचक वाढलेले दिसतात. शेकाट्या लांब लाल पायांवर उथळ घाण पाण्यातही सुखानं फिरतो, कारण तिथे त्याला लागणारे कीटक आणि अळ्या भरपूर असतात. यांपैकी एकाही पक्ष्यासाठी कुणी शेकडो किलोमीटर गाडी चालवत नाही. नेमके हेच पक्षी तळ्याबद्दल बोलतात. खंड्या कमी होत गेला आणि शेकाटे वाढत गेले, एवढंच जर पाच वर्षांच्या तारीखवार छायाचित्रांतून दाखवता आलं, तर पाण्याच्या तपासणीचे आकडे समजून घ्यायला एक भक्कम जोड मिळते.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो जास्त गंभीर आहे. पहाट सगळ्याच पक्ष्यांची वेळ नाही, हे ते बरोबर सांगतात. घारी, गरुड, चित्रबलाक, मुग्धबलाक यांना उंच जायला गरम हवेचे उठाव लागतात. जमीन तापल्याशिवाय ते उठाव तयार होत नाहीत, म्हणून हे मोठे पक्षी सकाळी उशिरा आकाशात दिसतात. चिखलात चोची खुपसणारे तुतारी, पाणलावे यांना घड्याळापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची असते. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, पाणी मागे सरून गाळपेर जमीन उघडी पडली की रोहित आणि चिखलपक्षी जमतात. तिथे पहाट की दुपार यापेक्षा फुगवटा किती उतरला आहे यावर सगळं ठरतं. म्हणजे फक्त पहाटेच्या नोंदींवरून तळ्याचं पूर्ण चित्र मिळणार नाही. हे मान्य करूनही पहाटेचा आग्रह मी सोडणार नाही, आणि त्याचं कारण तुलना हे आहे. एकाच तळ्यावर कधी सातला, कधी अकराला, कधी संध्याकाळी घेतलेल्या नोंदी एकमेकींशी जुळवताच येत नाहीत. पक्षी कमी झाले की फक्त उशीर झाला, हे कळत नाही. वेळ पक्की ठेवली की त्या वेळेचा दोषही सगळ्या नोंदींत सारखाच राहतो, आणि बदल खरा असेल तर तो उठून दिसतो. पक्की वेळच निवडायची, तर सर्वाधिक पक्षी एका ठिकाणी सापडण्याची वेळ निवडणं शहाणपणाचं. जमत असेल त्यानं महिन्यातून एखादी दुपार वेगळी नोंदवावी, ती वेगळीच ठेवावी.

आवाजाबद्दल इथे थोडक्यात. पहाटे पक्षी इतकं का गातात, याची कारणं अजून वादाची आहेत. किडे दिसण्याइतका उजेड नसतो, मग चरण्याऐवजी हद्द जाहीर करण्यात तो वेळ घालवावा, हे एक कारण सांगितलं जातं. वारा आणि हवेतली खळबळ कमी असल्यानं सूर स्पष्ट, न बिघडता पोहोचतो, हे दुसरं. मोठ्या डोळ्यांच्या जाती लवकर गायला लागतात, असं युरोपातल्या पाहणीत दिसलं आहे, म्हणजे उजेडाचा संबंध नक्की आहे. नोंद करणाऱ्याला यातून मिळणारी गोष्ट साधी आहे. काठावरच्या झाडीत न दिसणारे दयाळ, शिंपी, भारद्वाज या वेळी कानानं मोजता येतात. कॅमेरा इथे निरुपयोगी आहे, वही आणि कान पुरे.

आता छायाचित्राकडे येऊ. पक्ष्याची नोंद खरी मानायला एकेकाळी पक्षी मारावा लागे. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींच्या आयुष्याची दिशा ज्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीनं बदलली, तीही त्यांनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडली होती. ती ओळखून घ्यायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथे कातडी भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्या संग्रहाचं शास्त्रीय मोल आजही आहे. पण रोजच्या नोंदीसाठी पुरावा द्यायचं ते काम आता छायाचित्र करतं, आणि पक्षी उडून आपल्या वाटेनं जातो. हा बदल साधा नाही. छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाते, मोबाइल असेल तर जागाही. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला शंका आली, तर तो तेच चित्र उघडून पुन्हा तपासू शकतो. मानेवर रंगीत पट्टा असलेले पट्टकदंब हंस भारतातल्या तलावांवर टिपले गेले आहेत. छायाचित्र मोठं करून पट्ट्यावरची अक्षरं वाचली, की तो पक्षी मंगोलियात कधी आणि कुठे पकडून सोडला होता ते शोधता येतं. एका शेतकरी गावाच्या तळ्यावरचा फोटो हजारो किलोमीटरवरच्या सरोवराशी असा जोडला जातो.

पुरावा म्हणून छायाचित्र वापरायचं ठरलं, की कॅमेऱ्याच्या तांत्रिक बाबींना वेगळाच अर्थ येतो. तीन पांढरे बगळे घ्या: मोठा, मध्यम आणि छोटा. लांबून तिघेही पांढरेच. छोट्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. मोठा आणि मध्यम यांत फरक करायचा तर तोंडाची चीर पाहायची. मोठ्या बगळ्याची चीर डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखाली संपते. ही एवढीशी रेषा चित्रात टिकायला हवी. पण काळपट हिरव्या जलपर्णीच्या पार्श्वभूमीवर एकटा पांढरा पक्षी असला, की कॅमेरा सगळं दृश्य अंधारं समजून उजेड वाढवतो आणि बगळा नुसता पांढरा ठिपका होऊन बसतो. चेहऱ्याचा रंग, चिरेची रेषा, पिसांचा पोत सगळं जातं. म्हणून अशा वेळी एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या खाली आणायचं. चित्र जरा अंधारं वाटलं तरी चालेल, कारण अंधारातला तपशील नंतर उजळता येतो, जळून गेलेला पांढरा परत मिळत नाही. उजाडताना उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवून येणारे दाणे पत्करावेत. दाणेदार चित्रातला पक्षी ओळखता येतो, हललेल्या चित्रातला नाही. सूर्य पाठीमागे यावा म्हणून तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहणं सोयीचं. क्षितिजालगतचा उजेड आडवा येतो, म्हणून उडत्या पक्ष्याच्या पंखांची खालची बाजू आणि पोट उजळतात, आणि बदकांची ओळख पुष्कळदा तिथेच असते. मादी चक्रांग आणि मादी भुवई बदक पाण्यावर बसलेल्या एकमेकींसारख्या तपकिरी दिसतात. पंख उघडले की चक्रांगाचा हिरवा पट्टा चटकन उठतो. दहानंतर हेच काम अवघड होतं. ऊन वर येतं, पोटाखाली सावली पडते, आणि तापलेल्या काठावरची हवा लहरू लागते. ती लहर लांब भिंगातून पाहिली की महागातली लेन्सही चित्र मऊ करून टाकते. हिवाळ्यात पाणी हवेपेक्षा उबदार असलं तर पहाटेही धुकं आणि लहर त्रास देतात. उपाय एकच, पक्षी जवळ येईपर्यंत थांबणं.

थांबणं या शब्दावरच सगळ्यात मोठा आक्षेप टेकलेला आहे. छायाचित्रकार थांबत नाहीत, पक्ष्यांच्या मागे लागतात, म्हणून कॅमेरा तळ्यावर येऊच नये, असं मानणारे लोक आहेत. त्यांच्याकडे सबळ कारणं आहेत. टिबुकली हे उदाहरण पुरेसं आहे. पाणकोंबडीपेक्षाही लहान हा पक्षी पाण्यावर तरंगणारं, ओल्या पाणवनस्पतींचं घरटं करतो. अंडी सुरुवातीला पांढरट असतात, ओल्या पाल्याच्या डागांनी हळूहळू तपकिरी होतात. घरट्यावरून उठताना टिबुकली चोचीनं पाला ओढून अंडी झाकते आणि मगच पाण्यात बुडी मारते. त्यासाठी तिला काही क्षण लागतात. धोका हळू जवळ आला तर ते क्षण तिला मिळतात. होडी किंवा माणूस अचानक पुढ्यात आला तर ती न झाकताच निसटते आणि उघडी अंडी कावळ्याच्या नजरेला पडतात. म्हणजे छायाचित्रकारानं घरट्याला हात न लावताही घरटं मोडू शकतं. कमळपक्ष्याचं आणखी नाजूक. पावसाळ्यात कमळाच्या पानांवर अंडी असतात, नर एकटाच ती उबवतो आणि मादी दुसऱ्या नराकडे गेलेली असते. तो नर तासभर बाजूला राहिला, तर त्याच्या जागी बसायला कुणी नाही. याशिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी समोर आणणं, कुरवांना शेव-गाठ्या टाकून नौकेभोवती घिरट्या घालायला लावणं, ड्रोन उडवून थवा उठवणं, हे सगळं आपल्याकडच्या पाणवठ्यांवर चालतं. हिवाळ्यात उठवलेला थवा उगाच उडतो, आणि परतीच्या लांब प्रवासासाठी साठवायची चरबी त्यात खर्च होते. हे नुकसान दिसत नाही, म्हणून ते कुणाला लागत नाही.

तरी कॅमेरा बंद करा, हे उत्तर मला पटत नाही. नुकसान कॅमेऱ्यानं होत नाही, देखण्या चित्राच्या हट्टानं होतं. डोळ्यात उजेडाचा ठिपका, पसरलेले पंख, चोचीत मासा, हे सगळं एका चौकटीत हवं असलं की माणूस पुढे सरकतो. हजेरीची नोंद हवी असली की पुढे सरकायची गरजच उरत नाही. ओळख पटेल एवढं चित्र लांबूनही मिळतं. दुर्बिणीला मोबाइल लावून काढलेलं चित्रही चालतं. मुळात आधी दुर्बीण, मग वही, आणि मग कॅमेरा, असा क्रम ठेवला तर पक्षी पाहणं कॅमेऱ्याच्या चौकटीत अडकत नाही. पक्ष्यानं चरणं थांबवून मान उंच केली, टिटवी ओरडू लागली, बदकं काठापासून सरकू लागली, म्हणजे आपण आधीच फार जवळ आलो आहोत. तिथून दोन पावलं मागे यावं आणि बसावं. घरट्याचं चित्र, त्याची जागा आणि तारीख कुठेही जाहीर करू नये, एवढं बंधन तर प्रत्येक नोंदकर्त्यानं स्वतःवर घातलंच पाहिजे. स्पर्धांचे परीक्षक घरट्यावरची चित्रं सरळ बाद करू लागले, तर हा हट्ट बराच खाली येईल.

हौशी माणसांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न शास्त्रज्ञ बरीच वर्षं विचारत आले. हौशी माणूस दुर्मीळ पक्षी लिहितो आणि साळुंकी सोडून देतो, सुट्टीच्या दिवशीच जातो, चुकीचं ओळखतो. उत्तर नोंदीच्या पद्धतीत सापडलं. किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललो, दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्या का, एवढं नमूद केलं, की न दिसलेला पक्षीही माहिती होतो. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या संगणकीय नोंदवहीचा हाच पाया आहे. त्याच नोंदींच्या जोरावर २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा राहिला. ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षक, ३ कोटींहून अधिक नोंदी आणि ९४२ जाती, असा त्याचा आवाका आहे. कोकीळ आणि मोर वाढत असल्याचं त्यात दिसलं. ज्या गटांची घट मोठी दिसली त्यांत शिकारी पक्षी, स्थलांतर करणारे चिखलपक्षी आणि बदकं आहेत. यांतले शेवटचे दोन गट तळ्यावरचेच. साळुंकी लिहायला कंटाळणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं, की आज साधा वाटणारा थापट्या किंवा तलवार बदक उद्या साधा राहील याची हमी या आकड्यांत नाही.

या नोंदींचा उपयोग कुठे होतो, हे महाराष्ट्रात विशेष समजून घ्यावं लागतं, कारण आपली बहुतेक तळी माणसांनी बांधलेली आहेत. बंधारे, सिंचनाचे तलाव, पिण्याच्या पाण्याचे साठे, पूर्व विदर्भातल्या कोहळी समाजानं बांधलेली मालगुजारी तळी. पाणथळ जागांच्या संवर्धनाचे २०१७ चे केंद्रीय नियम सिंचन, पिण्याचं पाणी किंवा करमणूक यांसाठीच मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना व्याख्येतून वगळतात. म्हणजे आपल्या घराजवळच्या तळ्याला त्या नियमांचं छत्र आपोआप मिळेलच असं नाही. अशा तळ्याचं पक्ष्यांसाठीचं महत्त्व कुणाला तरी वेगळं सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध होऊ शकतं, याचा दाखला नाशिक जिल्ह्यात आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. मागच्या पाण्यात गाळ साचत गेला, उथळ बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि सिंचनखात्याच्या नजरेनं जो दोष होता त्यावर लाखो पक्ष्यांचे हिवाळे पोसले गेले. जानेवारी २०२० मध्ये हा जलाशय महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. रामसरच्या नऊ निकषांपैकी दोन निकष थेट पाणपक्ष्यांच्या मोजणीवर आहेत: नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा किमान एक टक्का. असे आकडे एका दौऱ्यात तयार होत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं हिवाळ्याच्या सकाळी काठावर उभं राहून मोजणारी माणसं लागतात. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना अशाच माणसांवर चालते.

गावातल्या लहान तळ्याला रामसरचा दर्जा मिळणार नाही, पण त्याच्याबद्दलचे निर्णय रोज होतात, आणि ते बहुधा सुशोभीकरण या नावाखाली होतात. काठाला काँक्रीटची भिंत, तिच्यावर फिरण्याचा रस्ता, रस्त्यावर रात्रभर जळणारे दिवे, मध्ये नौकाविहार. उथळ उतरता काठ गेला की शेकाट्या, तुतारी, वंचक यांची चरायची जागा जाते. दिव्यांचा परिणाम कमी लेखू नये. रस्त्याच्या दिव्यांजवळ राहणारे पक्षी पहाटे नेहमीपेक्षा लवकर गायला लागतात, असं युरोपात मोजून पाहिलं गेलं आहे. म्हणजे उजेड त्यांच्या दिवसाची सुरुवातच सरकवतो. नगरपालिकेच्या सभेत यावर बोलायचं तर कळकळ पुरत नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या काठावर, कुठले पक्षी, किती, हे तारीखवार छायाचित्रांसह कागदावर मांडलं तर अभियंत्यालाही काम करता येतं. रस्ता पश्चिमेच्या काठानं न नेता पूर्वेच्या काठानं न्या, दलदलीचा हा दोनशे मीटरचा तुकडा तसाच ठेवा, दिवे कमी उंचीचे, खाली झुकलेले आणि रात्री दहानंतर बंद, नौका जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कमळांच्या बाजूला नको, अशा नेमक्या मागण्या नोंदींतूनच निघतात. वर्षाचे बारा महिने त्याच ठिकाणी पहाटे उभं राहिलेल्या माणसालाच त्या करता येतात, कारण जानेवारीत हंस कुठे उतरतात आणि ऑगस्टमध्ये कमळपक्ष्याचा नर कुठल्या पानांवर बसतो, हे दोन्ही फक्त त्याच्याच फाइलींत असतं.